दोन हजारालाही तीन वर्षं आणि शंभर कोटीच्या वर गेलं तरी पाचच वर्षं, हा कुठला न्याय?

तुमचा प्रश्न असा की तुमच्या गावच्या तलाठ्याला दोन हजार घेताना अँटी करप्शननं पकडलं, त्याला तीन वर्षं लागली अन् नोकरी गेली, आणि तिकडं कोट्यवधी खाणारे पाच-सात वर्षांची शिक्षा घेऊन जामिनावर फिरायलेत, मग हा न्याय आहे का, आणि सगळ्यांना सरसकट फाशीच का देत नाहीत.

फाशीचं आधी उरकून घेऊ, ते लवकर उरकतं. चीनमध्ये लाचखोरीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, २०२१ च्या जानेवारीत तिथं एका मोठ्या सरकारी वित्त कंपनीच्या माजी प्रमुखाला खरोखर मृत्युदंड दिला, म्हणून तिथं लाच बंद झाली का, तर नाही, अजूनही तिथं बडे बडे पकडले जातातच. आणि आपल्याकडं तीन वर्षांच्या शिक्षेलाच साक्षीदार फितूर होतात, फाशी म्हटल्यावर कोण येणारय साक्षीला? तो विषय माझ्यापुरता संपला.

आता तीन वर्षांचं. ते जजनी मनानं दिलेलं नाही हे आधी लक्षात घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात कलम ७ म्हणजे सरकारी नोकरानं लाच घेणं. सुरुवातीला त्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं होती. लोकपालचा कायदा आला त्याच्यासोबत २०१४ पासून ते कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात झालं आणि २०१८ च्या दुरुस्तीतही तेच राहिलं. म्हणजे पाचशे घ्या की पाच लाख, गुन्हा सिद्ध झाला की तीन वर्षांच्या खाली कोर्टाला येताच येत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा ए. बी. भास्कर राव खटल्यातला निकाल आहे, आरोपी रेल्वेतला क्लार्क, लाचेची रक्कम किरकोळ, केस जुनी, नोकरी गेलेली, वकिलानं लई विनवण्या केल्या पण कोर्ट म्हणालं की कायद्यानं किमान शिक्षा ठरवून दिली तर आम्हीसुद्धा आमचे खास अधिकार वापरून त्याखाली येणार नाही. आणि तेव्हा तर किमान कमी होतं.

आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात पाच हजाराच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरला आणि माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा काय तर समाजसेवा. जेल नाही. म्हणजे चार हजाराचा मोबाईल चोरला तर झाडू मारून सुटका अन् चार हजाराची लाच घेतली तर तीन वर्षं. मला स्वतःला ह्यात फार चूक वाटत नाही बरं का, कारण चोराला कुणी खुर्ची दिलेली नसते, पण फरक किती असावा ह्यावर कुणी बसून विचार केलाय असं दिसत नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. मी परभणी जिल्ह्यात एका ऑफिसात क्लार्क होतो, आता रिटायर आहे, आणि सरकारी नोकर असल्यामुळं एकदा मला सापळ्यात पंच म्हणून, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार म्हणून नेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तक्रारदार अँटी करप्शनकडं जातो, मग आधी पडताळणी होते, म्हणजे रेकॉर्डर देऊन त्याला परत पाठवतात आणि समोरचा खरंच मागायलाय का ते बघतात, ते झाल्यावर नोटांना फिनॉल्फ्थेलीनची पावडर लावतात, पंच नंबर एक तक्रारदारासोबत आत जातो आणि पैसे घेतले की तक्रारदार ठरलेला इशारा करतो, रुमालानं तोंड पुसणं वगैरे. मग साहेब लोक आत येतात, सोड्याच्या पाण्यात हात बुडवायला लावतात, पाणी गुलाबी होतं. मी पंच नंबर एक होतो. समोरचा माणूस रडायला लागला, मला त्याच्याकडं बघवंना, आणि तक्रारदार म्हातारी तर त्याच्याहून जास्त थरथरायली होती.

त्या म्हातारीचं काम काय होतं, तर नवरा वारला होता, सातबाऱ्याला वारसाची नोंद लावायची होती. बस. तिच्या हक्काचं काम, त्या माणसाला त्याच्याच कामाचा पगार मिळतो, आणि तो तिला चकरा मारायला लावत होता, आज मंडळ अधिकारी नाहीत, उद्या सर्व्हर डाऊन आहे. नोंद नाही तर पीककर्ज नाही, विमा नाही, अतिवृष्टीचं अनुदान आलं तरी ते मेलेल्या माणसाच्या नावावर. मागितलेली रक्कम तुमच्या तलाठ्यासारखीच, हजारातच होती.

साक्षीला बोलावलं तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती, म्हातारी हयात नव्हती. आरोपीच्या वकिलानं मला उभं आडवं घेतलं, पंचनामा ऑफिसात बसून लिहिला का, नोटा टेबलावर होत्या की हातात, आणि प्रत्येक वेळी मी "हे म्हणणे खरे नाही की" असं लिहून घेतलेलं ऐकत होतो. कायद्यात लिहिलंय की असा खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करा, मुदतवाढ धरून चार वर्षांच्या वर जाऊ देऊ नका. कुठं संपतो हो? बरं झालं २०२२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नीरज दत्ता प्रकरणात सांगून टाकलं की तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी बाकीच्या पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध करता येते, नाहीतर म्हातारा तक्रारदार म्हणजे आरोपीला लॉटरीच होती.

तर माझं म्हणणं काय, की आपण सगळे रकमेवर अडकलोय. दोन हजार विरुद्ध दोनशे कोटी. पण कायद्यानं खरं बघायला पाहिजे ते हे की विकलं काय आणि कुणाला. एक लाच असते ती पिळून घेतलेली, देणाऱ्याला दुसरा मार्गच नसतो, वारस नोंद, रोजगार हमीच्या विहिरीची फाईल, दिव्यांगाचा दाखला, निराधारचा पगार. ती लाच नाहीच खरं तर, खंडणी आहे. दुसरी असते संगनमताची, गोदावरीच्या पात्रातून वाळू काढणारा टिप्परमागं हप्ता देतो, घेणारा डोळे झाकतो, दोघंही खूश, आणि आटतंय ते विहिरीचं पाणी तिसऱ्याचंच. तिसरी, पदच विकायचं. हरियाणात ओमप्रकाश चौटाला मुख्यमंत्री असताना तीन हजाराच्या वर शिक्षकांच्या भरतीची यादीच बदलली, २०१३ ला त्यांना दहा वर्षं लागली, ती मला बरोबर वाटते, कारण तिथं किती पैसे घेतले हा प्रश्न दुय्यम आहे, पात्र पोरांच्या नोकऱ्या गेल्या आणि अपात्र मास्तर पुढची तीस वर्षं शाळेत शिकवणार हा मुद्दा आहे. कलम ७ मात्र पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराला एकाच दावणीला बांधतं. मला विचाराल तर म्हातारीकडून दोन हजार घेणारा वाळूवाल्याकडून वीस हजार घेणाऱ्यापेक्षा कमी गुन्हेगार नाही. तुमच्या तलाठ्यानं कुणाकडून घेतले ते तुम्ही लिहिलंच नाही बघा.

आता वरच्यांचं. तुमचा राग तिथं खरा आहे, पण कारण तुम्हाला वाटतंय ते नाही. कायद्यात वरच्यांसाठी शिक्षा कमी नाहीये, कलम १३ ला, म्हणजे पदावर असताना केलेला अपहार अन् बेहिशेबी मालमत्ता, आता चार ते दहा वर्षं आहेत, सवयीच्या गुन्हेगाराला पाच ते दहा, आणि सरकारी पैशाचा अपहार केला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली जन्मठेपेपर्यंत जाता येत होतं, नव्या संहितेतही येतं. गडबड आहे ती मापात. लालूप्रसादांचाच चारा घोटाळा घ्या, बिहारच्या पशुसंवर्धन खात्यात खोट्या बिलांवर सरकारी तिजोरीतून पैसे काढले तो. दुमका कोषागाराचं प्रकरण साधारण तीन कोटींचं, त्यात २०१८ ला सात अधिक सात, एकापाठोपाठ एक, म्हणजे चौदा वर्षं. डोरंडा कोषागाराचं १३९ कोटींचं, त्यात २०२२ ला पाच वर्षं. माणूस तोच, पद्धत तीच, खातं तेच. दोन्ही न्यायाधीशांनी कायद्याच्या चौकटीतच शिक्षा दिली, चूक काढायला जागा नाही, आणि तरी सामान्य माणसानं ह्यातून काय समजायचं?

ह्याचं कारण असं की आपल्याकडं शिक्षा किती द्यायची ह्याचे लिखित निकष नाहीतच. कायदा तळ सांगतो अन् छत सांगतो, मधलं सगळं जजच्या विवेकावर. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारायला नेमलेल्या मलिमठ समितीनं २००३ ला सांगितलं होतं की असे निकष करा, सुप्रीम कोर्टानंही बोलून दाखवलंय की आपल्याकडं ते नाहीत, पण पुढं काही हललं नाही. इंग्लंडात २०१४ पासून लाचेच्या शिक्षेसाठी लिखित मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आरोपीचा वाटा किती होता, पदाचा गैरवापर किती केला, नुकसान कुणाचं आणि किती झालं असं सगळं पायरी पायरीनं बघावं लागतं आणि वेगळी शिक्षा द्यायची तर कारण लिहावं लागतं. आपल्याकडं दोषी ठरवल्यावर शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकतात खरं, पण ते काय असतं, तर साहेब लेकरं लहान आहेत, आई म्हातारी आहे, मला शुगर आहे. ज्याला लुटलं त्याचं काय झालं हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

अजून एक गंमत सांगतो, कोर्टात बसणाऱ्यांना ही माहीत असते, बाहेर कुणाला नसते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल तर खालचं कोर्टच अपील करण्यापुरती शिक्षा थांबवून त्याला सोडू शकतं. कलम ७ ची किमान शिक्षा नेमकी तीनच. म्हणजे पेपरात येतं "लाचखोराला तीन वर्षे सक्तमजुरी" आणि तो माणूस त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं घरी. मग हायकोर्टात, आपल्याकडं खंडपीठात, अपील पडून राहतं. आणि जळगावच्या घरकुल घोटाळ्यासारखं मोठं प्रकरण असलं, जिथं २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टानं माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड ठोठावला होता, तिथंही २०२२ पर्यंत हायकोर्टातून जामीन झालाच. जामीन मिळणं चूक नाही, अपील हा हक्क आहे. पण मूळ योजना १९९० च्या दशकातली होती हे लक्षात घ्या.

म्हणून लहान नोकराला खरी शिक्षा कोर्टाच्या आधीच सुरू होते आणि ती दोषी-निर्दोष बघत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबन धरलं जातं, पहिले तीन महिने अर्धा पगार, नंतर पाऊण, मग समिती बसते आणि बरेच जण अकार्यकारी पदावर परत येतात, प्रमोशन अडकतं, पोरीचं लग्न अडकतं. खरंच निर्दोष असेल तर त्याची ती वर्षं कोण परत देणार? आणि दोषी असेल तर तो पाऊण पगारात तालुक्याच्या गावी प्लॉटिंगचा धंदा करायलेला मी बघितलाय. एकाला जास्त झाली, एकाला कमी.

माझ्या हातात असतं तर मी कलम ७ चं तीन वर्षांचं किमान काढून टाकलं असतं, ऐकायला उलटं वाटेल. सहा महिने किंवा एक वर्ष ठेवा पण ते खरोखर आत बसून काढायचं, दोन वर्षांत निकाल लावायचा, आणि हतबल माणसाला पिळलं असेल तर तिथून वर चढवत न्यायचं. किमान जास्त ठेवलं की काय होतं मी बघितलंय, पंचालाच वाटायला लागतं की अरे दोन हजारासाठी ह्याचं घर बसेल, मग त्याला नेमकं काय ऐकलं ते "नीट आठवत नाही", आणि माणूस सुटतो. पूर्ण सुटतो. वरच्यांना मात्र वर्षं वाढवण्यापेक्षा पैसा आणि जमीन काढून घेणं जास्त लागतं. २०१८ च्या दुरुस्तीत मालमत्ता जप्तीची तरतूद आलीय आणि दंड ठरवताना मिळवलेल्या मालमत्तेचा विचार करा असंही कायद्यात आहे. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडं अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा निघाला, त्यात जे कुणी उद्या दोषी ठरतील त्यांना किती वर्षं लागतात यात मला फार रस नाही, ते पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर परत येतात का एवढंच मी बघणारय.

आणि देणाऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगून ठेवतो, आता लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तर वाचता. देण्याआधीच १०६४ ला फोन केला तर उत्तम, सापळ्यात लावलेले पैसे तक्रारदाराला परत मिळतात, लोकांना वाटतं ते गेले.

तुमच्या तलाठ्याला तीन वर्षं जास्त झाली की कमी हे मी असं इथून सांगू शकत नाही. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, केस नंबर टाकून निकाल काढा आणि सगळा वाचत बसू नका, शेवटची दोन पानं बघा, शिक्षेच्या मुद्द्यावर काय लिहिलंय ते. पैसे कुणाकडून, कशासाठी घेतले ह्याचा तिथं उल्लेख असेल तर ठीक, आणि "आरोपीचे वय, कौटुंबिक परिस्थिती व गुन्ह्याचे स्वरूप पाहता" एवढ्यावरच भागवलं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे, फक्त ती त्या तलाठ्याच्या बाजूनं आहे का त्या तक्रारदाराच्या, ते निकाल वाचल्यावर तुम्हीच ठरवा.