लाकडी बैल, शून्य टक्के आणि कुरकुरीत पाकीट

प्रश्न : गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी, शेजारच्या पोराने चाकांवरचा माणसाएवढा बैल भाड्याने आणला. आमच्या मुलाकडे आजोबांनी घडवलेला वीतभर सागवानी बैल आहे. यंदा तो म्हणतो, "हा नको, लाज वाटते." पोळा तोंडावर आला. काय करू? – एक आई, सेलू तालुका

ताई, पोराला रागावू नका. बक्षीस मोठ्या बैलाला जातं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी शाळेत मास्तर होतो तेव्हा परीक्षक म्हणून बसायचो. मोठा बैल आला की आमचीच मान आधी तिकडे वळायची. मग एका वर्षी आम्ही 'घरी सजवलेला बैल' असं वेगळं बक्षीस ठेवलं. एका पोरीने शिंगांना चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. गळ्यात सरकीची माळ होती, रात्रभर भिजवून सुईने ओवलेली. अजून आठवते. तुमच्या गावच्या मंडळाला असं बक्षीस सुचवून पाहा, खर्च एका कंपासपेटीचा.

घरी एवढं करा : बैल आजच खाली काढा, पोरालाच तेल चोळू द्या आणि आजोबांना विचारा, हा गोठ्यातल्या कोणत्या बैलावरून घडवला? बैलाला नाव मिळालं की तो वीतभर राहत नाही. मिळालेला बोजारा, म्हणजे घरोघरी बैल नेल्यावर मिळणारे पैसे, त्यालाच मोजू द्या, त्यालाच खर्चू द्या. तरी नाहीच म्हणाला तर बैल देव्हाऱ्याजवळ ठेवा. दोरी जबरदस्तीने हातात देऊ नका.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, मोबाइल मागतो. दुकानदार म्हणतो शून्य टक्के व्याज, सहा हप्ते. कापूस यायला वेळ आहे. घेऊ का? – शेतकरी, हिंगणघाट

भाऊ, शून्य टक्के असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना हे बजावलंय. व्याज कुठल्यातरी फीमध्ये नाहीतर हुकलेल्या सवलतीत दडलेलं असतं. दुकानात एकच विचारा : "रोख दिले तर कितीला?" समजा रोखीने ११,२०० आणि हप्त्यांनी १२,००० अधिक ४०० फाइल चार्ज. फरक झाला १,२०० रुपये. वेचाई किलोला दहा रुपये धरली, तर तेवढ्यात १२० किलो कापूस वेचून होतो.

पण खरी गोम वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला येतो, तुमचा पैसा वेच्यावर येतो. हप्ता थकला की दंड, वर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडतं, आणि पुढे कर्ज मागायला गेलात की ते आडवं येऊ शकतं.

पोराची मागणी काही चुकीची नाही, अभ्यासाला फोन लागतोच. फक्त त्याला बियाणं, खत, फवारणी, मजुरीची वही दाखवा आणि वेचाईच्या दिवशी कापसाच्या वजनकाट्यापाशी उभा करा. पहिला वेचा विकला की दोघं मिळून जा, रोखीने घ्या.

प्रश्न : स्टँडवर २० छापलेल्या थंड बाटलीचे २५ घेतात. "फ्रीजचे पैसे" म्हणतात. – कॉलेजला जाणारा

घेता येत नाहीत. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, दुकानदाराला थंड करण्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. बिल मागा, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मात्र आधी गाडीची वेळ बघा. पाच रुपयांसाठी भांडताना माझी शेवटची एसटी निघून गेली होती.

प्रश्न : नातीला रोज पाच रुपयांचं कुरकुरीत खाऊचं पाकीट लागतं. सुनेला बोललं की तिला वाईट वाटतं. – आजी, आर्वी तालुका

माय, सुनेला बोलूच नका. दिवसभर वावरात राबून आलेली बाई पाच रुपयांत अर्धा तास शांतता विकत घेते. मला तिचं नवल वाटत नाही.

नातीला पाकिटावरचं वजन वाचायला लावा. १२ ग्रॅम निघालं, तर भाव किलोला चारशेच्या वर गेला! हिशेबाने ती ऐकणार नाही म्हणा. तिला चवीइतकाच तो फोडायचा, कुरकुरायचा आवाज हवा असतो. ओंजळभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवा, फोडू द्या. आवाज त्यांचाही होतो. टरफलं तेवढी तुम्हाला झाडावी लागतील.