वाचकांचे प्रश्न : पाटी आपली, नंबर भलत्याचा

प्रश्न : सांगलीच्या गणपती पेठेत आमचे हळद आणि बेदाण्याचे दुकान आहे. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवरच ऑर्डर देतात. दिवाळीच्या तोंडावर कोणीतरी आमच्या पाटीचा फोटो लावून दुसऱ्याच नंबरावरून ‘आमचा नंबर बदलला आहे, सणाची सवलत हवी असल्यास पैसे आधी पाठवा’ असे संदेश धाडले. तिघांनी पैसे भरले आणि आता ते आमच्याकडे माल मागत आहेत. तक्रार आम्ही करायची की त्यांनी? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
– एक दुकानदार, सांगली

उत्तर : पैसे ज्यांच्या खात्यातून गेले, त्या तिघांनी आधी तक्रार करावी आणि तीही आजच. १९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा मदत क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदली गेली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि भामट्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल, तर ती तेथेच रोखून धरता येते. असे पैसे काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवले जातात, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालण्यात गेलेला दिवस गिऱ्हाइकालाच महागात पडतो. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक (पैसे भरल्याच्या नोंदीत दिसणारा व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, तारीख आणि वेळ हाताशी असू द्यावी. आपण स्वतंत्रपणे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात आपल्या नावाचा गैरवापर झाल्याची तक्रार द्यावी. संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांना संदेश आला पण ज्यांनी पैसे भरले नाहीत, त्यांनी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या पोर्टलवरील ‘चक्षू’ या सुविधेत तो नंबर कळवावा आणि व्हॉट्सॲपमध्येही त्याचा रिपोर्ट करावा.

जो व्यवहार आपण केलाच नाही, ज्याचे पैसे आपल्याकडे आलेच नाहीत, त्याचा माल देण्याचे बंधन आपल्यावर येते असे मला वाटत नाही. मात्र ‘आमचा काय संबंध’ असे तोडून बोलू नये. त्या गिऱ्हाइकांनी आपल्या नावावर विश्वास ठेवला होता.

आता थोडे स्पष्ट लिहितो. तोतयाला आपल्या गिऱ्हाइकांचेच नंबर कसे मिळाले? आपण सर्व गिऱ्हाइकांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप केला असेल, तर प्रत्येक सदस्याला इतरांचे नंबर दिसतात आणि सणाची जाहिरात बघायला शिरलेला एखादा त्रयस्थ ती सगळी यादी उतरवून घेऊ शकतो. त्याऐवजी एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवणारी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी; तीत एका वेळी २५६ जण घेता येतात आणि कोणालाही दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. शिवाय तो संदेश ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच पोहोचतो, हीदेखील एक चाळणीच आहे.

दुसरी गोष्ट पैसे घेण्याच्या सवयीची. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत आज मालकाचा नंबर, उद्या पुतण्याचा, गर्दीच्या दिवशी वहिनींच्या बचत खात्याचा क्यूआर, असा कारभार चालतो. यूपीआयने पैसे भरताना घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते आणि तोतया तेथेच उघडा पडायला हवा. पण दुकानानेच दर वेळी निराळे नाव दाखवले असेल, तर अनोळखी नाव पाहूनही गिऱ्हाईक बिचकत नाही. म्हणून दुकानाच्या नावाचे चालू खाते काढून त्याचाच क्यूआर वापरावा आणि पाकिटावर, बिलावर एक ओळ छापावी : ‘पैसे फक्त या नावाच्या खात्यात. नंबर बदलल्याचा संदेश आल्यास जुन्या नंबरावर फोन करून खात्री करावी.’ फोटोवर विसंबू नये, कारण तो कोणीही उचलून लावू शकतो. व्यवसायाची पडताळणी झाल्याची निळी खूणसुद्धा काही जण फोटोतच रंगवून घेतात. खरी खूण नावाशेजारी असते, फोटोच्या आत नव्हे.

प्रश्न : आम्ही मिरजेत तंबोरे बनवतो. स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवणाऱ्या एकाने भाव न करता दोन तंबोरे मागवले, ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि ‘आगाऊ रकमेसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे सांगितले. टाकावा का?
– एक कारागीर, मिरज

उत्तर : मुळीच नको. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पिन टाकताच आपल्याच खात्यातून रक्कम जाईल. लष्कराचे ओळखपत्र दाखवून व्यापाऱ्यांना गंडवण्याची ही रीत जुनी आहे. त्याला खरोखरच आगाऊ रक्कम द्यायची असेल, तर ती भरण्यासाठी आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड कळवावा. आणि तंबोरा घेणारा माणूस भोपळा पाहिल्याशिवाय, जवारी (तारांचा घुमारा) ऐकल्याशिवाय दोन-दोन नग मागवतो, याचे आपल्याला नवल वाटलेच असणार.