प्रमाण मागू नका, पुरावा मागा

प्रश्न असा आला आहे: ‘देव आहे की नाही या वादात एक जण म्हणतो, प्रमाण द्या, दुसरा म्हणतो, ग्रंथ हाच पुरावा. प्रमाण आणि पुरावा हे समानार्थी शब्द आहेत का? आणि पुरावा सिद्ध करायचा की शाबीत?’

समानार्थी नाहीत. मराठीत तर मुळीच नाहीत. ‘देवाच्या अस्तित्वाचं प्रमाण द्या’ हे वाक्य हल्ली सुशिक्षित, वाचत्या माणसांच्या तोंडीही सर्रास ऐकू येतं आणि दर वेळी खटकतं. हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा, तिथे ते वाक्य सरळ आहे. मराठीने हा शब्द वेगळ्या कामाला लावला आहे. प्रमाणभाषा, प्रमाणाबाहेर, पावसाचं प्रमाण हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. ‘तुमचा शब्द मला प्रमाण’ हा प्रयोग मात्र लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता शब्दाच्या पोटात काय आहे ते बघा. प्र हा उपसर्ग, मा हा धातू, पुढे अन प्रत्यय. मा म्हणजे मोजणे. मान, मात्रा, परिमाण, अनुमान, उपमान ही सगळी याच घरातली मंडळी. अन प्रत्यय इथे साधन दाखवतो: वाहन म्हणजे ज्याने वाहून न्यायचं ते, तसं प्रमाण म्हणजे ज्याने मोजायचं ते. मोजणारा तो प्रमाता, मोजलं जातं ते प्रमेय आणि हाती येतं ते बिनचूक ज्ञान म्हणजे प्रमा. भूमितीत भेटणारं प्रमेय हेच. ‘मानाधीना मेयसिद्धिः’ हे जुनं वचन या धातूवरच उभं आहे: मोजायचं साधन असेल तरच मोजायच्या वस्तूची सिद्धी.

म्हणजे प्रमाण हा तराजू आहे, तराजूत घालायचा माल नव्हे. देवाच्या अस्तित्वाचं प्रमाण द्या म्हणणारा माणूस नकळत ‘मला तराजू द्या’ असं म्हणत असतो!

तराजूची ही उपमा माझी नाही आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना गाठलं: तुम्ही म्हणता सगळं प्रमाणांनी सिद्ध होतं, मग ती प्रमाणं कशाने सिद्ध होतात ते सांगा. दुसऱ्या प्रमाणांनी म्हणालात तर त्या साखळीला शेवट नाही. आपोआप म्हणालात तर तुमचा नियम तुम्हीच मोडलात. धर्मग्रंथ खरा कशावरून, तर ग्रंथातच तसं लिहिलंय म्हणून, या युक्तिवादाला आजही जो प्रश्न विचारला जातो तो हाच. नैयायिकांचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं, त्यांच्या दुसऱ्या अध्यायात याच आक्षेपाला मोजून दोन शब्दांचं उत्तर आहे (मध्ये फक्त एक ‘च’): ‘प्रमेया च तुलाप्रामाण्यवत्’. तराजूने सोनं तोलतात तेव्हा तो प्रमाण असतो. त्याच तराजूबद्दल शंका आली की वजन आधीच ठाऊक असलेलं सोनं घालून तराजूच तपासतात, तेव्हा तो प्रमेय होतो. एकच वस्तू, दोन भूमिका. शब्दाच्या पोटातलं मोजमाप सूत्रकाराने असं बाहेर काढून दाखवलं, आणि श्रद्धेच्या वादात ‘तुमचं साधन तपासायला ठेवा’ ही मागणी किती जुनी आणि किती रास्त आहे तेही सांगितलं. पुरावा मागणं ही बाहेरून आलेली खोड आहे असं म्हणणाऱ्यांनी हे सूत्र वाचावं. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती ईश्वर अनुमानाने, म्हणजे तर्काने सिद्ध करायला, आणि रत्नकीर्तीसारख्या बौद्ध पंडितांनी ईश्वर सिद्ध करणाऱ्या अशाच युक्तिवादांची चिरफाड केली तीही अनुमानानेच. वेदांना सर्वोच्च मानणाऱ्या मीमांसक कुमारिल भट्टाने जगाचा कर्ता ईश्वर नाकारला, आणि तोही नुसतं ‘पटत नाही’ म्हणून नव्हे, कारणं देऊन.

इथे कोशवाले मला अडवतात. मोनिअर-विल्यम्सच्या 1899च्या संस्कृत कोशात प्रमाण या शब्दाखाली पुरावा, साक्ष हे अर्थ दिले आहेत आणि आधाराला याज्ञवल्क्यस्मृती हा जुना धर्मशास्त्रग्रंथ आहे. तो श्लोकार्ध मलाही पाठ आहे: ‘प्रमाणं लिखितं भुक्तिः साक्षिणश्चेति कीर्तितम्’. लेख, वहिवाट आणि साक्षीदार ही प्रमाणं. पण नीट वाचा. याज्ञवल्क्य एखाद्या विशिष्ट कागदाला प्रमाण म्हणत नाही. निवाडा कोणकोणत्या साधनांनी करायचा त्यांचे प्रकार तो सांगतो. अमक्याचं खरेदीखत हा पुरावा. ‘लेख ग्राह्य धरावा’ हे प्रमाण. कोशकाराने दोन्ही एका ओळीत बसवले आणि पुढच्यांनी ते तसेच उतरवले. त्याच श्लोकाचा उत्तरार्ध तर आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो: यांपैकी काहीच नसेल तर दिव्य करावं. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश (देवाच्या स्नानाचं पाणी पिणे) ही पाच दिव्यं त्याने पुढे सांगितली आहेत. मानवी साधन संपलं की दैवी साधन, हा तो क्रम. मराठीत ‘दिव्य करणे’ म्हणजे खडतर कसोटीतून जाणे हा अर्थ तिथूनच आला. आणि पाचांत पहिली पुन्हा तुलाच, तराजू!

आता पुरावा. याच्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. काही जण हा शब्द संस्कृत ‘पुरा’शी, म्हणजे पूर्वीशी, पुराण-पुरातनशी जोडतात. पूर्वी घडलेल्याची खूण तो पुरावा, असं त्यांचं स्पष्टीकरण. ऐकायला छान आहे, पण मला ते अजिबात मान्य नाही. देखणेवरून देखावा, मेळणेवरून मेळावा, तसा पुरणेवरून पुरावा. शेजारच्या गुजरातीत ‘पुरावो’ आहे आणि सिद्ध करणे याला ‘पुरवार करवुं’ म्हणतात. तिथे पुरातनाचा काय संबंध? जो पुरतो तो पुरावा. पुरेपणाची, भरतीची कल्पना या शब्दात आहे.

आणि पुरणे हे क्रियापद मराठीत एकटं राहत नाही. त्याला चतुर्थी लागते. मला पुरलं, तुला पुरलं नाही. कोणाला पुरलं हे सांगितल्याशिवाय वाक्य अर्धवट वाटतं. श्रद्धेवरच्या वादातला निम्मा गोंधळ इथेच आहे. एखाद्याला आलेला अनुभव त्याला पुरतो. पुरू दे, त्यात कोणी ढवळाढवळ करायचं कारण नाही. तुकोबा ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही’ म्हणतात आणि पुढे ‘मानियेले नाही बहुमता’ असंही बजावतात. फारसीतून आलेला ग्वाही हा शब्द त्यांनी नेमका निवडला आहे: साक्ष स्वतःच्या मनाची, निवाडा स्वतःच्या आयुष्यापुरता. पण तोच अनुभव दुसऱ्यापुढे ठेवून ‘आता तूही मान’ म्हटलं की चतुर्थी बदलते, आणि दुसऱ्याला तो पुरतो की नाही हे दुसराच ठरवणार.

‘ग्रंथ हाच पुरावा’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. ते ‘ग्रंथ मला प्रमाण’ असं हवं. तेवढंच प्रामाणिक आहे आणि (हा शब्दही त्याच घरातला) तेवढंच बरोबर आहे. ज्याला तो ग्रंथ प्रमाण नाही त्याच्यापुढे त्यातलं वचन टाकून काही पुरणार नाही. ग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांतही मर्यादा होत्या. शंकराचार्य गीताभाष्यात, अठराव्या अध्यायाच्या 66व्या श्लोकावर लिहिताना म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी सांगितलं तरी त्यांना प्रामाण्य येत नाही. श्रुतीला सर्वस्व मानणाऱ्या आचार्यांचं हे वाक्य आहे. ‘शास्त्रात आहे’ म्हणून संवाद बंद करणाऱ्यांना त्यांचा आधार घेता येणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही सोडत नाही. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा घिसाडघाईचा निष्कर्ष आहे. न दिसणं हे नसण्याचं प्रमाण कधी होतं याचा विचार भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे कुमारिलाच्या अनुयायांनी, अनुपलब्धीच्या (वस्तू न आढळण्याच्या) निमित्ताने केला आणि अट घातली योग्यतेची: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. बौद्ध तार्किकांचं ठरलेलं उदाहरण पिशाचाचं. पिशाच स्वभावतःच अदृश्य मानलं असेल तर ते न दिसल्याने काहीच ठरत नाही. पण ‘अमुक केल्यावर आजार हमखास बरा होतो’ असा दावा असेल आणि आजार बरा झाला नाही, तर तिथलं न दिसणं पूर्ण वजनाचं आहे, कारण दावा खरा असता तर ते दिसायलाच हवं होतं. परिणाम सांगितला की तपासणी आली. हा फरक करता न येणारे दोन्ही बाजूंना आहेत.

राहिला सिद्ध की शाबीत. दोन्ही चालतील. शाबीत अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात घट्ट, न हलणारं असा अर्थ. डोकं ‘शाबूत’ असतं तेही त्याच अरबी धातूतून. पण ‘पुरावा सिद्ध केला’ किंवा ‘पुरावा शाबीत केला’ हे दोन्ही प्रयोग टाळा. सिद्ध होतं ते विधान, शाबीत होतो तो आरोप किंवा दावा. पुरावा देतात, मागतात, गोळा करतात, तपासतात.