राजीनामा देण्यापूर्वी

राजीनामा लिहिण्याआधी आपले नियुक्तिपत्र पुन्हा एकदा वाचावे, कारण नोटिशीचा कालावधी आणि शिल्लक रजेचा हिशेब बहुधा त्यातील अटींवरच ठरतो. नव्या नोकरीचे पत्र हाती येईपर्यंत कोठेही वाच्यता करू नये; त्यानंतर मात्र ही बातमी सर्वप्रथम वरिष्ठांना समक्ष सांगावी, कारण ती सहकाऱ्यांकडून त्यांच्या कानावर गेली, तर वर्षानुवर्षांचा जिव्हाळा एका दुपारीत आटतो. पत्र तीन-चार ओळींचे पुरे, त्यात तक्रारी नकोत (मी एकदा दोन पाने लिहिली होती; सुदैवाने दिली नाहीत). खरी कसोटी कामे सोपवताना लागते : अपुरी कामे, त्यांच्या मुदती आणि फायलींच्या जागा लिहून द्याव्यात, आणि अनुभवपत्राची लेखी मागणी शेवटच्या दिवसापूर्वीच नोंदवावी.