टर्बो दाबला की गाडी बंद का पडते?

प्रश्न : माळा साफ करताना माझा लहानपणचा टीव्ही गेम सापडला. बाईकच्या शर्यतीची कॅसेट लावून दिली, तर नववीतली पोरगी टीव्हीसमोरून उठत नाही. पण टर्बोचं बटण दाबून धरलं की थोड्या वेळानं गाडी कडेला जाऊन थांबते. शिवाय ती स्वतः ट्रॅक बनवते, सेव्ह दाबते, तरी दुसऱ्या दिवशी तो नसतो. रिमोट बदलू की कॅसेटमधला सेल?
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, काहीच बदलू नका. रिमोट चांगला आहे आणि त्या कॅसेटमध्ये सेल नसतोच. कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ‘एक्साइटबाईक’. निन्टेन्डोनं १९८४ साली जपानमध्ये काढला, आखणी शिगेरू मियामोतो यांची. कारंज्याला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, असे गेम पुष्कळ हाताखालून गेले. इतक्या विचारानं बांधलेला क्वचितच पाहिला.

पडद्यावर खाली ‘टेम्प’ नावाची पट्टी आहे, पोरीला तिच्यावर नजर ठेवायला सांगा. ‘ए’ दाबलं की गाडी साध्या वेगानं पळते आणि पट्टी मध्यावर येऊन थांबते. ‘बी’ म्हणजे टर्बो. तो धरून ठेवला की पट्टी चढतच जाते. भरली की इंजिन तापतं, आणि थंड होईस्तोवर गाडी जागची हलत नाही. कापसाची भरलेली ट्रॉली चढावर नेणारा ट्रॅक्टरवाला जसा काट्याकडे बघून रेस देतो, तसंच हे खेळायचं: उडीच्या आधी ‘बी’, एरवी ‘ए’. रस्त्यावर बाणांच्या खुणा दिसतील, त्यांच्यावरून गाडी गेली की पट्टी झटकन खाली येते. पटाईत पोरं लेन बदलून मुद्दाम त्या खुणा गाठतात.

हवेत असताना डावं बटण दाबलं की पुढचं चाक वर होतं, उजव्यानं खाली. जमिनीच्या उताराशी दोन्ही चाकं जुळली तर वेग न गमावता गाडी उतरते. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागलं की आपण पडतो, त्याचं आपल्याला लागलं की तो पडतो. म्हणून नीट पुढं निघाल्यावरच त्याची लेन कापायची. पडलंच तर बटण भराभर दाबावं, स्वार पळत गाडीपाशी येतो.

आता ट्रॅकचं. सेव्ह आणि लोड पडद्यावर लिहिलेलं आहे, तेव्हा ते चालत असेल असं कोणालाही वाटणारच. पण ती सोय जपानी मशीनपुरती होती. तिथं निन्टेन्डोचा एक टेपरेकॉर्डर मिळायचा, त्यातल्या साध्या ऑडिओ कॅसेटवर ट्रॅक उतरवून ठेवता यायचा. तो रेकॉर्डर जपानबाहेर विकलाच गेला नाही. १९८५ मध्ये गेम अमेरिकेत गेला, तिथंही मेनूतले ते दोन शब्द तसेच राहिले, कामाचे मात्र नव्हते. आपल्याकडे आलेले बहुतेक खोके त्या जपानी मशीनच्याच नकला, त्यांना असा टेप जोडायची सोय नसते. बनवलेला ट्रॅक मशीन चालू आहे तोवरच. लाईन गेली की तोही गेला.

यावर वही हाच उपाय. ट्रॅक बनवताना अडथळ्यांना ‘ए’पासून ‘एस’पर्यंत १९ अक्षरं दिलेली असतात. कोणतं अक्षर कितव्या नंबरला, दोन अडथळ्यांत मोकळी जागा किती सोडली आणि शेवटी फेऱ्या किती ठेवल्या, एवढं ओळीनं लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वही बघून तोच ट्रॅक पुन्हा बसवता येतो. पोरीला हे जरूर करू द्या. उडी संपताच दुसरी चढण ठेवली तर स्वार कुठं आदळतो, थंड करणारी खूण किती अंतरावर द्यावी, हे तिला स्वतःच ताडावं लागतं. मला तर शर्यतीपेक्षा या कामाचं मोल जास्त वाटतं.

आणि कॅसेट लागली नाही तर तिच्यात फुंकर मारू नका, तोंडाच्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या खराब होतात. कानातल्या कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून त्या हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच कॅसेट खोचा.