हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत एवढी मारामारी असूनही ‘पीजी-१३’ हे वयाचं सौम्य रेटिंग कसं मिळतं?

कारण बऱ्याचदा रेटिंग आधी ठरतं आणि चित्रपट त्यात बसवला जातो. अमेरिकेत ‘आर’ हे कडक रेटिंग मिळालं की १७ वर्षांखालच्यांना पालकांशिवाय थिएटरात घेत नाहीत. ‘पीजी-१३’ला तशी आडकाठी नाही. कोट्यवधी डॉलर ओतल्यावर सुट्टीत टोळक्याने येणारं हे शाळकरी गिऱ्हाईक कोण सोडेल? मग पडद्यावर माणसं धडाधड मरतात, पण रक्त फारसं दिसत नाही.

ब्रिटनमधलं ‘द हंगर गेम्स’चं (२०१२) उदाहरण बघा. चित्रपट जसाच्या तसा ठेवला असता तर ‘१५’ (१५ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही) मिळत होतं, वितरकाला ‘१२ए’ (मोठं माणूस सोबत असेल तर १२ खालचेही चालतात) हवं होतं. म्हणून सात सेकंदांची काटछाट झाली, त्यात जखमांवरचे आणि शस्त्रांवरचे रक्ताचे शिंतोडे डिजिटल पद्धतीने पुसणंही आलं. तिथल्या चित्रपटांना रेटिंग देणाऱ्या बोर्डाच्या, म्हणजे बीबीएफसीच्या नोंदीतच हे आहे. अमेरिकेत तर रेटिंगची व्यवस्था सरकारी नाहीच, ती स्टुडिओंच्याच एमपीए या संघटनेच्या छत्राखाली चालते. (सेन्सॉर बोर्डाची सवय असलेल्या आपल्याला हे जरा गमतीशीरच वाटतं.)

अर्थात ‘आर’ म्हणजे तोटाच असं नाही. ‘जोकर’ने (२०१९) ‘आर’ असूनही जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर कमावले. फक्त त्याचं बजेट नेहमीच्या सुपरहिरोपटांच्या मानाने बरंच लहान होतं.