पाच वर्षांची मुलगी सारखी धडपडते. ठाण्यात फ्लॅटमध्ये राहून सर्कशीतले खेळ तिला कसे शिकवावेत?

चेंडूंनी सुरुवात करू नका, मोरपिसाने करा. लांब पीस तळहातावर उभं धरायचं आणि नजर हातावर नाही, पिसाच्या टोकावर ठेवायची. टोक कलेल त्या बाजूला हात सरकवायचा. नजर खाली आली की पीस पडलंच! माझ्या मुलाला हे उमगायला चार दिवस लागले, पण त्यानंतरचा त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मग जुन्या पातळ ओढणीचे दोन तुकडे घ्या. ते तरंगत खाली येतात, त्यामुळे छोट्या हातांना झेलायला वेळ मिळतो. आधी एकच: उजव्या हाताने वर, डाव्याने झेल. तीन चेंडूंची घाई इतक्यात नकोच.

तोलासाठी जमिनीवर पसरलेली सुतळी पुरे. अनवाणी, हात पसरून चालू दे. जमलं की डोक्यावर तांदळाची छोटी पुरचुंडी. उपवन तलावावर नेलंत तर सकाळी न्या, संध्याकाळी गर्दी असते, आणि तलावाच्या कठड्यावर मात्र चढवू नका.

रोज दहा मिनिटं. कंटाळली की तिथेच थांबा. सर्कस आपल्याला परकी नाही, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली होती, हेही तिला सांगा.